सातव्या होलला समोरून वारा

दोहा, १९ ऑक्टोबर २०२४

अण्णा,

पाया पडतो. हे पत्र मिहीरच्या हाती देत आहे. तो माझ्याच ऑफिसात बसतो, पंचवटीचा आहे, दिवाळीला घरी निघालाय. त्याला चहा द्या, पण माझ्याबद्दल फार विचारू नका. तो वाढवून सांगतो.

पत्र कशाला, असं शालू विचारेल. तिला सांगा, फोन केला की अण्णा 'घे, तुझ्या लेकाचा आहे' म्हणून आईच्या हातात देतात, म्हणून. मी इथे आल्यापासून हे असंच चाललंय. आईशी बोलायला मला आवडतं, पण मी जेवलो की नाही यापलीकडे आमची गाडी जात नाही. कागद तुम्ही आईला देणार नाही. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि तिचा चष्मा कधी जागेवर नसतो. तेव्हा हे तुम्हालाच वाचावं लागेल. आधी कच्चं लिहिलं, मग शब्द तपासले, मग हे पक्कं केलं. अकरावी अर्धवट सोडली म्हणून कोणी माझं शुद्धलेखन काढू नये.

बातमी अशी की काल मी गोल्फ खेळलो. दुसऱ्याची बॅग उचलली नाही. खेळलो.

दोह्याहून गाडीने तासाभरावर, समुद्राकाठी, तेल कंपनीची जुनी वसाहत आहे. आमच्या कंपनीचं तिथे एक काम चालू आहे आणि मी नकाशे पोचवायला जातो. माझी नोकरी तीच आहे, नकाशाची जुनी प्रत कोणाच्या हातात राहू नये हे बघायचं. मागच्या आठवड्यात परत येताना बसच्या खिडकीतून वाळूत एक झेंडा दिसला. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "गोल्फ है. बहुत पुराना. कोई भी खेल सकता है." मला ते खरं वाटलं नाही. म्हणून काल सुट्टीच्या दिवशी एकटा गेलो.

अण्णा, तिथे गवत नाही. एक पातंसुद्धा नाही. पूर्वी तेल शोधायला आलेल्या लोकांनी हौसेने आखलेलं मैदान आहे. आत भिंतीवर त्यांचे फोटो आहेत, अर्ध्या चड्डीतले, उन्हाने भाजलेले. फेअरवे म्हणजे सरळ वाळू, दोन्ही बाजूंना चुना लावलेले दगड. खेळणाऱ्याने बरोबर हातभर हिरवी चटई बाळगायची, चेंडू तिच्यावर ठेवून मारायचा, चटई उचलायची, पुढे जायचं. झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या, म्हणजे ग्रीनच्या, जागी ब्राउन असतं, म्हणजे तेल पाजून दाबलेल्या वाळूचं गोल अंगण. त्यावर चाललं की पावलं उमटतात. म्हणून कडेला एक लोखंडी ओढणं ठेवलेलं असतं. आपला खेळ झाला की आपणच ते फिरवायचं आणि मागून येणाऱ्यासाठी अंगण सारखं करून निघायचं. साहेब लोकही स्वतः ओढतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आत जाताना थोडा गोंधळ झाला. मी कॅडीच्या सवयीने मागचं दार शोधत इमारतीभोवती एक फेरी मारली. मागचं दार होतं, पण ते स्वयंपाकघराचं निघालं. तिथला माणूस म्हणाला, "खेळायचंय ना? मग समोरून." समोरून गेलो. काउंटरवरच्या बाईंनी नाव विचारलं, भाड्याने जुना सेट दिला, चटई दिली आणि म्हणाल्या, "एन्जॉय." बस, एवढंच. पियूष पोपटराव गायधनी, खेळाडू.

मैदान नऊ होलचं आहे. पहिला सरळ आणि लांब. दुसरा डावीकडे वळतो, वळणावर एक वाकडं बाभळीसारखं झाड आहे, मैदानातलं एकमेव. तिसरा आखूड. चौथा आणि पाचवा एकमेकांना समांतर, तिथे दुसऱ्याचा चेंडू आपल्या अंगावर येऊ शकतो. सहावा उतारावरून समुद्राकडे जातो. आठवा परत वर येतो, नववा इमारतीसमोर संपतो आणि व्हरांड्यात बसलेले लोक बघत असतात. सातव्याबद्दल सवडीने लिहीन.

तुम्ही मला कॅडी मास्टरच्या हाताखाली लावून दिलंत आणि मी त्याच आठवड्यात व्हिसा घेऊन घरी आलो, याचा तुम्हाला राग आहे. तो मला समजतो. पण मी बरोबर होतो आणि अजूनही आहे. इथे पगार वेळेवर होतो. खोलीत एसी आहे. खोलीत बाकीचेही आहेत, पण सगळे शांत आहेत.

काळजी नसावी.

तुमचा
पियूष


दोहा, २३ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

नमस्कार. फराळ पोचला. चकल्या मोडल्या होत्या, पण चुऱ्यालाही चव असते. खोलीतल्या केरळच्या मंडळींनी तो भातावर घालून खाल्ला.

शालू म्हणाली की पत्र तुम्ही ओट्यावर बसून वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत, संध्याकाळी परत काढलंत. आणि तिला विचारलंत, "का गं, वाळूवर बॉल उसळतो का रुततो?" ती मला म्हणाली, "दादा, मला काय माहीत? मी त्यांना म्हटलं, त्यालाच विचारा की. तर उठून गोठ्यात गेले."

तेव्हा कळवतो. वरून पडला तर रुततो. सपाट आला तर उसळतो आणि खूप पळतो. म्हणून इथले जुने खेळाडू चेंडू खालून पळवतात, उंच मारत नाहीत. मी दोन्ही प्रकार शिकलोय. माझा खेळ झपाट्याने सुधारतोय.

मला आता एक जोडीदार मिळाला आहे. अनंतराव साहेब. आमच्याच कंपनीत मोठे इंजिनियर आहेत, मूळ पुण्याचे, अल थुमामाला राहतात. ऑफिसात त्यांनी मला फक्त नकाशांचा गठ्ठा घेऊन जाताना पाहिलं होतं. त्या दिवशी मैदानावर माझ्याकडे बघतच राहिले.

"तू गायधनी ना? डॉक्युमेंट सेक्शनचा?"

"हो साहेब."

"इथे कोणाबरोबर आलायस?"

"कोणाबरोबर नाही. खेळायला आलोय."

"मग चल माझ्याबरोबर. माझा दोस्त आज टांग देऊन गेलाय. यल्ला."

त्यांच्याबरोबर पहिला होल खेळलो, बरा गेला. दुसऱ्याच्या वळणावर ते थांबले आणि म्हणाले, "पियूष, एक विचारू?" मी म्हटलं, विचारा. ते म्हणाले, "तुझ्या खांद्यावर दोन बॅगा का आहेत?"

पाहतो तर माझ्या उजव्या खांद्यावर माझी बॅग होती आणि डाव्या खांद्यावर त्यांची. कधी उचलली ते माझं मलाच कळलं नाही. त्यांना वाटलं, पोरगा फार आज्ञाधारक आहे. मग मी सांगितलं की माझे वडील नाशिकला कॅडी आहेत, खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलतात, मीही उचलायचो. ते म्हणाले, "अरे, मग तर तू मला शिकवायला हवंस. पण बॅग दे इकडे. मी डॉक्टरला सांगून बसलोय की मी व्यायाम करतो."

त्यांची एक गंमत सांगतो. ते दर शुक्रवारी एकदा तरी चटई मागे विसरतात. चेंडू छान गेला की त्याच्याकडे बघत तरातरा निघतात आणि पुढच्या चेंडूजवळ पोचल्यावर हात रिकामे. मग भर उन्हात तेवढंच परत. येताना स्वतःला इंग्रजीत शिव्या देतात. गवतावर शिकलेल्या माणसांनाच हे होतं. माझंही एकदा झालं. दोनदा.

सातव्याला वारा असतो. बाकी सगळं ठीक.

गेल्या रविवारी फोन केला तेव्हा तुम्ही आईच्या मागे उभे होतात. तुमचा खोकला ऐकू आला. सुंठ घ्या.

तुमचा
पियूष


दोहा, २१ डिसेंबर २०२४

अण्णा,

नमस्कार. थंडी पडली आहे. इथली थंडी म्हणजे आपल्याकडची कोजागिरी, पण लोक कानटोप्या घालतात.

शालूने फोटो पाठवला. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तुम्ही पेन्सिलीने मैदान काढलंय. वाकडं झाड अगदी बरोबर जागी आहे. चौथा आणि पाचवा मात्र तुम्ही जास्त जवळ घेतलेत, त्यात फेअरवेभर अंतर ठेवा. आणि सहाव्यानंतर एक जागा मोकळी सोडून आठवा काढलाय. शालू म्हणते, तुम्ही त्या मोकळ्या जागेवर पेन्सिल टेकवून म्हणालात, "सातवा कुठं ठेवलाय त्यानं?" आईने सांगितलं, फोन लावा आणि विचारा. तुम्ही म्हणालात, "मी कशाला विचारू? त्याला सगळं येतंय."

येतंय. पण तुम्ही नकाशा काढलाच आहे तर अर्धा राहू नये. अर्धवट नकाशा मला सहन होत नाही, माझा धंदाच तो आहे. तेव्हा सातवा सांगतो.

सातवा समुद्राला चिकटून जातो. उजव्या हाताला पाणी, अगदी चार पावलं खाली. होल एकाच फटक्याचा आहे. मारायच्या जागी, टीवर, उभं राहिलं की समोर ब्राउन दिसतं, त्यावर झेंडा, आणि झेंड्याच्या पलीकडे किनारा वळून परत समुद्र. मध्ये पोकळ खळगा आहे, त्यात मऊ वाळू. अंतर आपल्याकडच्या त्या निलगिरीच्या होलएवढंच आहे. मी पावलांनी मोजलं, पाट्या वाचल्या, परत मोजलं. निलगिरीला मी डोळे मिटून सात नंबरच्या क्लबने मारायचो आणि चेंडू झेंड्याखाली बसायचा. तुम्हाला माहीत आहे, तुम्ही बघितलंय.

इथे सात नंबर मारला की चेंडू खळग्यात पडतो. दर वेळी. पहिल्या शुक्रवारपासून. वारा समोरून असतो, हे खरं. म्हणून मी जोर लावला तर चेंडू उजवीकडे गेला, पाण्यात. मग सावकाश मारला, खळगा. मग चेंडू बदलला. मग हातमोजा बदलला. हाताची पकड बदलून पाहिली, त्यात दुसरे होलही बिघडले. सातव्याच्या आदल्या रात्री मला झोप येत नाही, असं नाही. पण सहावा संपत आला की हाताला घाम येतो आणि मी उगाचच चटई झटकत बसतो. अनंतराव साहेब काही म्हणत नाहीत. ते स्वतःही खळग्यात असतात.

हे कोणाला सांगू नका. शालूलाही नको.

काय चुकतंय ते मला कळत आलंय. माझं मी बघेन.

आणखी एक बातमी. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी मैदानाची वार्षिक स्पर्धा आहे, जोडीजोडीने. साहेबांनी आमचं नाव दिलं. मला न विचारता दिलं, मी जरा घाबरलो, मग म्हटलं ठीक आहे. व्हरांड्यात सगळे बघायला असतात. वसाहतीतले लोक घरून खुर्च्या घेऊन येतात.

तुम्ही तीस वर्षं दुसऱ्यांच्या स्पर्धांत बॅग घेऊन चाललात. ही घरातल्या माणसाची आहे. तुम्हाला ठाऊक असावी, एवढ्यासाठी लिहिलं. मी तुमच्याकडून काही मागत नाही.

तुमचा
पियूष


दोहा, ११ जानेवारी २०२५

अण्णा,

हे पत्र घाईत लिहितोय, तरी शब्द तपासले आहेत. लताकाकू, म्हणजे अनंतराव साहेबांच्या पत्नी, सोमवारी पुण्याला निघणार आहेत. तिथून कुरियर करतील.

काल मैदानावरून परत येताना गाडीत साहेबांनी विचारलं, "सातव्याला आपण दोघं मिळून कप घालवणार. तुझे वडील कॅडी आहेत ना? त्यांना का नाही विचारत?"

मी म्हटलं, "ते माझ्याशी बोलत नाहीत."

"का रे?"

"रागावलेत. मी इकडे आलो म्हणून."

"मग पत्रं कोणाला लिहितोस? लता म्हणत होती, दिवाळीत ऑफिसातल्या मिहीरबरोबर तू जाडजूड पाकीट दिलंस."

"त्यांनाच लिहितो."

"आणि ते वाचतात?"

"वाचतात. त्यांनी मैदानाचा नकाशा काढलाय."

साहेबांनी गाडीचा वेग कमी केला. मग त्यांनी त्यांचा एक किस्सा सांगितला. तरुणपणी ते कुठल्याशा क्लबवर पाहुणे म्हणून खेळायला गेले होते. म्हातारा कॅडी मिळाला. पहिले नऊ होल त्या माणसाने तोंड उघडलं नाही. साहेब चुकीचे नंबर घेत होते, चेंडू झाडीत जात होते, आणि हा शांतपणे शोधून देत होता. साहेबांना वाटलं, टिप कमी मिळेल म्हणून फुगलाय. दहाव्याला वैतागून त्यांनी विचारलं, "बाबा, आता तुम्हीच सांगा, काय घेऊ?" म्हातारा लगेच म्हणाला, "सहा नंबर, झेंड्याच्या डावीकडं." आणि पुढचे सगळे होल तो घडाघडा बोलत राहिला. साहेब म्हणाले, "मग आधी का नाही बोललात?" तर म्हणाला, "साहेब, तुम्ही विचारलंच नाही."

हे सांगून साहेब हसले. मला हसू आलं नाही.

कारण हा नियम मला तुम्हीच शिकवलाय. मी तेरा वर्षांचा होतो, पहिल्यांदा बॅग उचलली त्या दिवशी. सावली खेळणाऱ्याच्या रेषेवर पडू द्यायची नाही. त्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि विचारलं तर एकच उत्तर द्यायचं, दोन नाही, दोन दिली की त्याचा हात डगमगतो.

म्हणून अण्णा, विचारतो.

सातव्याला कोणता नंबर घेऊ?

अंतर निलगिरीएवढं. वारा समोरून, थोडा डावीकडून, सकाळी असतो, उन्हं चढली की वाढतो. झेंडा बहुतेक मागच्या बाजूला लावतात. पुढे खळगा, उजवीकडे पाणी, मागे सपाट कडा आणि त्याच्याखाली किनारा. ब्राउनवर चेंडू पडला की थोडा पळतो. टीची वाळू घट्ट आहे. माझा सात नंबर पूर्वी जायचा तेवढा जात नाही, आणि का जात नाही ते मला खरंच कळत नाही. माझा खांदा उघडतो का? मी घाई करतो का? का ही जागाच वेगळी आहे?

स्पर्धा ३१ तारखेला, सकाळी.

तुमच्या खोकल्याचं काय झालं, तेही कळवा.

तुमचा
पियूष


दोहा, १ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

काल फोनवर तुम्ही सारखं मध्ये बोलत होतात, त्यामुळे सगळं क्रमाने सांगता आलं नाही. इथे क्रमाने लिहितो. इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

सुरुवात बुधवारपासून करतो, कारण ती मला लिहून ठेवायची आहे. मी ऑफिसात होतो आणि स्क्रीनवर तुमचं नाव आलं. माझ्या हातातला नकाशा खाली पडला. वाटलं, आईला काही झालं. मी हॅलो म्हणायच्या आत तुम्ही विचारलंत, "वारा रोज समोरूनच असतो का?"

मी म्हटलं, "अण्णा, आई कशी आहे?"

"बरी आहे. वाऱ्याचं सांग."

मग तुम्ही टीची उंची विचारलीत, खळग्याची रुंदी विचारलीत, समुद्र किती खाली ते विचारलंत. आणि नंतर जे सांगितलंत ते मला आधी सुचायला हवं होतं. मुंबईचे साहेब नाशिकला खेळायला आले की पहिल्या दिवशी सगळे ग्रीनच्या पलीकडे मारायचे, हे मीही बघितलंय. आम्ही कॅडी पोरं आधीच पलीकडे जाऊन उभी राहायचो. तुम्ही म्हणालात, "ते खालून वर यायचे, आपल्या पातळ हवेत त्यांचा बॉल लांब जायचा. तू वरून खाली गेलायस. तुझा आखूड पडणार. तुझ्या हातात काही बिघाड नाही. उगं हातमोजे घेत बसलायस." मग म्हणालात, "पाच नंबर घे. एकच सांगतो. परत विचारायचं नाही."

मी विचारलं नाही. मागून आई "मला द्या की" म्हणत होती आणि तुम्ही तिला म्हणालात, "थांब, कामाचं चाललंय."

फोन ठेवून मी पडलेला नकाशा उचलला, तोही उलटा धरला. मिहीरने येऊन विचारलं, "काय रे, घरी सगळं ठीक?" मी म्हटलं, "पाच नंबर." त्याला काही कळलं नाही.

आता काल. सकाळी साहेबांनी मला माझ्या खोलीवरून, अल मुंतझाहून उचललं. तिथे पोचलो तर व्हरांडा भरलेला. आमच्याबरोबर एक स्कॉटिश म्हातारा आणि त्याचा जावई, म्हातारा या वसाहतीतच वाढलेला. पहिले सहा होल आम्ही उत्तम खेळलो. साहेबांची चटई एकदाही मागे राहिली नाही, कारण मी ती सुतळीने त्यांच्या बॅगेला बांधली होती. सहावा संपला तेव्हा आम्ही सगळ्यांत पुढे होतो. हे मी फोनवर सांगत होतो, पण तुम्हाला फक्त सातवा ऐकायचा होता.

सातव्याच्या टीवर उभा राहिलो. मी पाच नंबर काढला, सातापेक्षा दोन पायऱ्या लांब जाणारा. साहेबांनी भुवया वर केल्या. म्हातारा स्कॉटिश त्याच्या जावयाला काहीतरी म्हणाला, दोघे हसले. माझ्या हाताला घाम नव्हता, अण्णा. हे तुम्हाला फोनवर सांगायचं राहून गेलं. सातव्याला पहिल्यांदाच मी चटई झटकत बसलो नाही. खाली ठेवली, चेंडू ठेवला, मारला.

या मैदानावरचा माझा सगळ्यांत चांगला फटका होता तो. आवाजच वेगळा आला. चेंडू सरळ झेंड्यावर निघाला, खळग्यावरून गेला, ब्राउनवरून गेला, झेंड्यावरून गेला, आणि कड्याच्या पलीकडे दिसेनासा झाला.

वारा पडला होता. मी टीवर चढत असतानाच पडला. झेंडा लोंबत होता आणि मी तो पाहिला होता. पण मी पाहूनही पाच नंबरच ठेवला, कारण तुम्ही पाच नंबर सांगितला होता.

साहेब म्हणाले, "कोणी सांगितलं होतं पाच घ्यायला?"

मी म्हटलं, "वडलांनी."

"बोलले?"

"बोलले."

साहेबांनी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की जावयाला वाटलं आम्ही होल जिंकला. स्वतः त्यांनी सात नंबर घेतला. वारा नव्हता तरी खळग्यात. म्हणजे तुमचं हवेचं म्हणणं खरं आहे, त्यात काही शंका नाही. बिनवाऱ्याचा नंबर सहा. पण तो तुम्ही मला सांगितला नव्हता आणि मी विचारला नव्हता.

चेंडू किनाऱ्यावर ओल्या वाळूत मिळाला, खेकड्यांच्या बिळांजवळ. तिथून वर काढायला माझे बरेच फटके गेले. म्हातारा कड्यावर उभा राहून म्हणाला की इतकी वर्षं मैदान बघतोय, इथून कोणी खेळलेलं पाहिलं नव्हतं. वर आल्यावर मी ब्राउनवरून ओढणं फिरवलं, कारण मागची जोडी थांबली होती. आठवा आणि नववा नीट खेळलो. व्हरांड्यासमोर माझा शेवटचा पट, ब्राउनवरचा हलका फटका, आत गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही तिसरे आलो. कप त्या म्हाताऱ्याला मिळाला.

आता तुमचे आक्षेप घेतो. तुम्ही म्हणता, वारा पडला तर खेळणाऱ्याने नंबर बदलायचा असतो, कॅडी नाशिकला बसून वारा कसा बघणार. हे मान्य. तुम्ही म्हणता, मी मान लवकर वर केली म्हणून चेंडू जास्त गेला. हे मान्य नाही. मान लवकर वर केली तर चेंडू कमी जातो, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही म्हणता, साहेबांना सात नंबर का घेऊ दिला. अण्णा, ते माझे साहेब आहेत, आणि त्यांनी विचारलं नाही.

आपण इतका वेळ भांडलो की माझ्या खोलीतले सगळे जेवायला बसले आणि मला हाक मारून दमले. त्यांनी विचारलं, एवढा राग कोणाशी? मी म्हटलं, राग नाही, गोल्फ.

फोन ठेवता ठेवता तुम्ही हळूच एक विचारलंत आणि मी उत्तर द्यायच्या आत आईला फोन दिलात. शालूचं पोरगं मध्येच रडत होतं, त्यामुळे मी नीट ऐकलं की नाही अशी मला आधी शंका होती. रात्रभर विचार केला. मी नीट ऐकलंय. तुम्ही म्हणालात, "तिकडं समोरून आत सोडतात म्हणतोस. मला जमंल का रं, खेळायला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकच उत्तर देतो. जमेल. मार्चपर्यंत हवा चांगली असते. व्हिसाचं मी बघतो, साहेब मदत करणार आहेत. बूट इथे घेऊ, तुमचे आणू नका. पहिल्या होलला लाकडी क्लब मागू नका, पाच नंबर घ्या, सावकाश मारा, आणि मारल्यावर चेंडू कुठे गेला ते बघायची घाई करू नका. ते मी बघेन.

तुमचा
पियूष